चौथा भिडू

१ सप्टेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी. माझ्या शिकवण्याच्या पद्धतीची कुठेतरी नोंद राहायला हवी म्हणून.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला लागून एकवीस वर्षं झाली. ज्यांना क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे कळत नव्हतं, ते आज ट्रक चालवतात. एकावर केस चालू आहे, पण त्यात ट्रकची चूक होती.

तरी माझं खरं कसब मोटारीत नाही, रेल्वेच्या खेळात आहे. चार वर्षांपूर्वी घेतलेला खोका कपाटावर पडून आहे. लोकांना वाटतं सोंगट्या-फाशांसारखं काहीतरी असेल. फासा नाहीच. नकाशावर रूळ टाकायचे, कंपन्यांचे शेअर घ्यायचे, ज्याचे शेअर जास्त तो त्या कंपनीचा अध्यक्ष. कंपनीची तिजोरी वेगळी, आपला खिसा वेगळा. सगळी गंमत या शेवटच्या वाक्यात आहे. नियमांची पुस्तिका चव्वेचाळीस पानी. मला तोंडपाठ. डाव पाच तासांचा, नवख्यांना सात. चार भिडू तरी हवेत.

आणि इथेच घोडं पेंड खातं. स्कूलमधला दुसरा इन्स्ट्रक्टर नियम ऐकता ऐकता पाणी प्यायला उठला, तो चपला घालूनच गेला. समोरचे बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ छातीत दुखतंय म्हणाले. दुसऱ्या दिवशी बागेत पळताना दिसले. मेहुणा मात्र नेमाने येतो. नियम डोळे मिटून ऐकतो. तोंड उघडं ठेवून.

सौ. खेळत नाही. हॉस्पिटलच्या औषधांच्या काउंटरवर दिवसभर उभं राहिल्यावर आपल्याला करमणूक हवी असते, शिक्षा नको, असं तिचं मत. मी, मेहुणा, लेक : तीन झाले. चौथा मिळत नाही.

संकल्प : वर्ष संपायच्या आत चार भिडू आणि एक पूर्ण डाव.

८ सप्टेंबर, रविवार

लेकीने जेवताना सांगितलं की तिला एक मुलगा आवडलाय. ती दातांच्या लॅबमध्ये कॅप आणि कवळ्या बनवते. तो दातांच्या दवाखान्यांना लागणाऱ्या खुर्च्या आणि यंत्रं विकतो. लॅबमध्ये नवीन भट्टी बसवायला आला आणि जमलं.

सौ.ने नेहमीप्रमाणे प्रश्नांची सरबत्ती केली. घरी कोण असतं, आधी कुठे होता, मित्र कोण. मी एकच प्रश्न विचारला : सलग पाच तास बसू शकतो का? लेक हसून म्हणाली, बसेल बहुतेक.

पुढच्या रविवारी बोलावलं आहे.

१५ सप्टेंबर, रविवार

आला. कडक इस्त्रीचा शर्ट. बूट काढून टोकं दाराकडे करून ठेवले. नमस्कार झाला, पाणी झालं आणि तो म्हणाला, काका, नियमांची पुस्तिका जरा वाचायला मिळेल का.

चार वर्षांत कुणी मागितली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कांदा चिरला असेल म्हणालो. स्वयंपाकघरात कांदा नव्हता, हे सौ.ने तिथल्या तिथे जाहीर केलं.

दीड तास मी नियम सांगत होतो. माझी पद्धत : आधी आरसे, मग सीटबेल्ट, मग किल्ली. म्हणजे आधी बँक, मग शेअर, मग रूळ. मेहुण्याने दहाव्या मिनिटाला मान टाकली. हा मात्र एकटक. आणि विचारलं काय? समजा माझ्याकडचे शेअर मी विकले आणि दुसऱ्या कुणाचे माझ्यापेक्षा जास्त झाले, तर त्या व्यक्तीला नको असलं तरी ती अध्यक्ष होणार?

बारावीत असता तर पहिला आला असता. मी नियम अकरा वाचून दाखवला. अध्यक्षपद नाकारता येत नाही. कंपनी बुडीत असो, तिजोरी रिकामी असो, इंजिन नसो. ज्याच्या गळ्यात पडली त्याने स्वतःच्या खिशातून इंजिन घ्यायचं. खिसा पुरला नाही तर दिवाळं.

नाकारता येत नाही, असं तो स्वतःशीच म्हणाला. दोनदा.

तो गेल्यावर सौ. म्हणाली, पापणी लवत नाही हो त्याची. तिने इतक्या लवकर कुणाचं कौतुक केल्याचं मला आठवत नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

आज इतिहास घडला. डाव पूर्ण नाही, पण इतिहास.

त्याने स्वतःची एक फुटकळ लाइन स्वतःच्याच मोठ्या कंपनीला दुप्पट भावात विकली. तिजोरीतला पैसा खिशात. एकुलतं एक जुनं इंजिन भंगारात जाईपर्यंत वाट पाहिली. मग शांतपणे आपले शेअर विकले. कंपनी आली लेकीच्या गळ्यात. आत काहीच नाही, नुसतं नाव. लेकीने साठवलेलं सगळं इंजिनापायी गेलं.

मी टाळ्या वाजवल्या. ही चाल मला कळायला वर्ष लागलं होतं. याने दुसऱ्या रविवारी केली.

लेक आधी हसली. म्हणाली, अरे, सांगायचंस तरी. तो म्हणाला, सांगितलं असतं तर घेतली असतीस का? बिनतोड. सौ.ने पेपरातून मान वर केली आणि बराच वेळ खाली घातली नाही.

आजपासून मी त्यांना जावईबुवा म्हणणार. अजून झालेले नाहीत, असं सौ.चं म्हणणं. ते नुसतं कागदोपत्री बाकी आहे.

२९ सप्टेंबर, रविवार

जावईबुवांनी आज खुर्ची लेकीच्या शेजारी ओढली. तिचे शेअर अस्ताव्यस्त असतात, तिच्या नोटा त्यांच्यात मिसळतात, म्हणून त्यांनी तिचं सगळं आपल्या क्लिपमध्ये लावून घेतलं. तिची खेळी आली की तेच रूळ टाकतात. कमालीचा वेग आला. नाहीतर लेक विचार फार करते. चढावर गाडी थांबली की नवखे असाच विचार करतात आणि गाडी मागे येते.

लेकीने मध्येच विचारलं, मी खेळतेय ना? मी म्हणालो, म्हणजे काय, तुझं नाव आहे की कागदावर.

मेहुण्याने पुढच्या रविवारी काम आहे असं सांगितलं. मेहुण्याला रविवारी काम! जिन्यात तो त्याच्या बहिणीला काहीतरी सांगत होता, ते मी कठड्यावरून ऐकलं. म्हणाला, हा माणूस हसतो तेव्हा नुसते दात हसतात, भावजींना सांग.

दातांच्या लाइनमधला माणूस आहे. दातांची काळजी घेणारच.

६ ऑक्टोबर, रविवार

मेहुणा नाही, त्यामुळे डाव नाही. जावईबुवा आणि मी नियमांवर बोलत बसलो. सुंदर दिवस.

लग्नाची तारीख ठरली, ४ नोव्हेंबर. नोंदणी करायची, जेवण ठेवायचं, बस. एवढी घाई कशाला, असं सौ. म्हणत होती. जावईबुवा म्हणाले, उशीर करून कुणाचा फायदा आहे, काकू? सौ. उठून आत गेली. वाद सोडून जाणारी सौ. मी प्रथमच पाहिली.

लेकीची छोटी गाडी विकली. एका घरात दोन गाड्या कशाला, जावईबुवाच तिला लॅबमध्ये सोडतील, आणतील. मला पटलं. लेक माझी सर्वांत चांगली विद्यार्थिनी. अठराव्या वर्षी चढावर पहिल्या झटक्यात गाडी काढली होती. जास्तीची किल्ली परत द्यायला ती माझ्याकडे आली आणि उगाच तिथेच उभी राहिली. मी म्हणालो, टेबलावर ठेव.

लॅबचा मालकही भेटला रस्त्यात. पुढच्या महिन्यापासून तुमची मुलगी अर्धा दिवसच येणार ना, असं विचारत होता. जावईबुवांनी परस्पर कळवलं होतं म्हणे. घरी येऊन लेकीला म्हणालो, तर तिला माहीतच नव्हतं. केवढा पुढाकार! माझ्या लग्नात हॉल बुक करायचा राहिला होता.

१३ ऑक्टोबर, रविवार

सौ.ने भावाला दम भरून आणलं, म्हणून चार झाले.

दुसऱ्या फेरीत इंजिनाचं एक कार्ड टेबलाखाली पडलं. मी वाकलो. जावईबुवांनी लेकीचं मनगट धरलं होतं. चांगलं घट्ट. बोटांची पेरं पांढरी झाली होती. मला संकोच वाटला. तरुण माणसं आहेत, चालायचंच. त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून थोडा वेळ खालीच राहिलो आणि वर येताना टेबलाची कड डोक्याला लागली.

टेबलावर दोघांचेही चेहरे असे की जणू काही घडतच नाहीये. लेकीने त्यांची पडती कंपनी आपल्या कंपनीच्या पैशाने विकत घेतली. मी विचारलं, विचार करून घेतेस ना? ती हो म्हणाली. त्यांच्याकडे बघून.

मेहुणा जेवायला थांबला नाही. हे मात्र खरंच चिंतेचं आहे. त्याचं पोट तपासून घ्यायला हवं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

सौ. म्हणते, लेकीच्या मनगटावर डाग आहे. लेक म्हणते, लॅबमधल्या भट्टीचा चटका. मी म्हणालो, झालं तर मग, भट्टीचा चटका. सौ. म्हणाली, चटक्याने कातडी लाल होते, निळी होत नाही.

दिवसभर औषधं देऊन देऊन तिला सगळीकडे आजार दिसतात. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो : खड्ड्याकडे टक लावून बघू नका, गाडी तिकडेच जाते. हे मी सौ.लाही सांगितलं. ती भांडी घासत होती. घासत राहिली.

लेक हल्ली फोनवर फार हळू बोलते. शिस्त आली आहे.

संकल्प : लग्नाआधी एक पूर्ण डाव. पुढचा रविवार. काहीही झालं तरी.

२० ऑक्टोबर, रविवार

मेहुणा आलाच नाही. मी हताश होऊन खोका बंद करणार, तेवढ्यात सौ. ओल्या हातांनी आली आणि चौथ्या खुर्चीवर बसली. म्हणाली, वाटा.

माझा आनंद गगनात मावेना. नियम सांगू लागलो, तर म्हणाली नको, ऐकलेत. सहा आठवडे ऐकतेय.

पण खेळली म्हणावं तर तसंही नाही. तिची पाळी आली की 'पास'. एकही शेअर घेतला नाही. नकाशाकडे तर तिने बघितलंही नाही. जावईबुवांच्या हातांकडे बघत होती.

चौथ्या फेरीत त्यांनी पुन्हा तीच चाल केली. दोन कंपन्यांची. दोन्ही तिजोऱ्या रिकाम्या, दोन्ही कंपन्या एकाच फेरीत लेकीच्या गळ्यात. इतकं स्वच्छ काम मी कुठे पाहिलेलं नाही. त्यांनी तिच्या नोटांची क्लिप सोडली, नोटा बँकेत टाकल्या, रिकामी क्लिप तिच्यासमोर ठेवली आणि मला म्हणाले, "हिला व्यवहारातलं काही कळत नाही, काका. म्हणून तर मी आहे."

मी हसलो. पाहुण्याच्या विनोदावर हसावं.

लेक त्या दोन कार्डांकडे बघत होती. मग म्हणाली,

"बाबा, हे नाकारता येतं का?"

प्रश्न साधा होता. मला पुस्तिका उघडण्याचीही गरज नव्हती. म्हणालो, "नाही. नियम अकरा. एकदा गळ्यात पडलं की पडलं."

"येतं," सौ. म्हणाली.

मी सौ.ला शांतपणे समजावलं की तिचा काहीतरी गोंधळ होतोय, अध्यक्षपद नाकारण्याची तरतूद पूर्ण पुस्तिकेत कुठेही नाही. ती माझ्याकडे बघतच नव्हती. लेकीकडे बघत होती. आणि लेक तिच्याकडे. जावईबुवा हसत होते, पण खुर्चीतून थोडे पुढे झाले होते.

मग लेक उठली, डोकं दुखतंय म्हणून आत गेली. दाराची कडी लागल्याचा आवाज आला. सौ. त्या दारासमोर जाऊन उभी राहिली आणि जावईबुवांना म्हणाली, उशीर झाला, या आता. साडेसहा तर वाजले होते.

डाव पुन्हा अपुरा. सौ.ला नियम माहीत नाहीत हे यातून सिद्ध झालं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

लेकीने फोनवर त्यांना लग्न करणार नाही म्हणून सांगितलं आणि पिशवी भरून मावशीकडे गेली. सौ.ही रजा टाकून तिच्यासोबत. जाताना मला चार वाक्यांत काय काय सांगितलं. मनगटाचं. फोन तपासण्याचं. लॅबबाहेर तासन्‌तास उभं राहण्याचं. मी म्हणालो, असं होतं, दोन्ही बाजू ऐकायला हव्यात. सौ. म्हणाली, कुणी आलं, कुणी विचारलं, तर काही बोलू नका.

मी कशाला बोलू?

माझं निदान : भीती. परीक्षेच्या आदल्या दिवशी निम्मे विद्यार्थी परीक्षा देत नाही म्हणतात. गाडी बंद पडली म्हणून कुणी गाडी टाकून देत नाही. पुन्हा चालू करायची. इथे शांत डोक्याचा कुणीतरी मध्यस्थ लागेल. घरात तसा एकच आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार

सकाळी त्यांचा फोन. आवाज पडलेला. काका, तुमच्याशी तरी माझं भांडण नाही ना. मी म्हणालो, छे. किती वाजता येताय?

चारला आले. तोच इस्त्रीचा शर्ट. बूट तसेच, टोकं दाराकडे. एक शब्दही न बोलता त्यांनी खोका कपाटावरून काढून दिला. मी त्यांना दोघांत खेळायचा माझा स्वतःचा प्रकार शिकवला, जो पुस्तिकेत नाही. त्यांना तो फार आवडला. दोन फेऱ्या अशा झाल्या की काय सांगू. बऱ्याच दिवसांनी घरात माणसासारखं वाटलं.

मध्येच त्यांनी विचारलं, ही नीट जेवते तरी का हो? मी म्हणालो, मावशीच्या हाताला चव आहे, काळजी नको. ते म्हणाले, हो, पाण्याच्या टाकीजवळ राहतात ना त्या.

आता चुकीचं उत्तर टेबलावर तसंच पडू देणं मला कधी जमलेलं नाही. एकवीस वर्षांची सवय. मी म्हणालो, टाकीजवळ माझी बहीण, म्हणजे तिची आत्या. मावशी पोस्टाच्या मागच्या गल्लीत, कोपऱ्यावरच्या इमारतीत, तिसरा मजला, जिन्याला लागून दार.

असं होय, म्हणाले. एक रूळ टाकला. चांगला टाकला. मग घड्याळ बघून, एक काम आठवलं म्हणून उठले. दार इतकं हळू लावलं की कळलंही नाही.

खरं सांगायचं तर मला हे आवडलं नाही. माणसाने एक वेळ काहीही करावं, पण डाव अर्धा सोडून जाऊ नये. त्यांच्यातला हा पहिलाच दोष आज दिसला.

२८ ऑक्टोबर, सोमवार

तो काल इथून थेट तिथेच गेला.

बेल वाजली. लेकीला वाटलं, किराणावाला. तिने दार उघडलं. तिने बंद करायला दार ढकललं, त्याने बाहेरून ढकललं, तिचा उजवा हात दारात सापडला. सौ.ने त्याच्या खांद्याला चावा घेतला. माझी सौ., जिने आयुष्यात रिक्षावाल्यावरही आवाज चढवला नाही. मग वरच्या मजल्यावरचे प्लंबर आणि त्यांचे दोन भाऊ आले. मग पोलीस.

लेकीची दोन बोटं मोडली आहेत. उजव्या हाताची. ती दातांवर मेणाचा एकेक थेंब ठेवते तोच हात. डॉक्टर म्हणाले, जुळतील, वेळ लागेल. त्या बारीक कामाचं मात्र आताच सांगता येत नाही.

पोलिसांनी विचारलं, त्याला पत्ता कुणी दिला. मी म्हणालो, हुशार मुलगा आहे, शोधला असेल. सौ.ने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी काही बोललो असतो. ती नुसती वाट बघत होती, मी पुढे काही बोलतो का.

मी नाही बोललो. पोलिसांना घाई होती.

हे पेन नीट चालत नाही. नवीन आणायला हवं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

पोलिसांनी त्याला समज देऊन सोडलं. कुणीतरी नातेवाईक जामीन राहिला. परत त्रास दिला तर कळवा, म्हणून त्यांनी एक नंबर दिला. सौ.ने तो फ्रिजवर चिकटवला.

आज दोघी सामान न्यायला घरी आल्या. दोन बॅगा. सौ.ची बदली दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलमध्ये झाली आहे, तिनेच मागून घेतली. मला न विचारता. मी म्हणालो, गाव कुठलं? मी गाडीने सोडतो. मी असताना टॅक्सीचे पैसे कशाला?

सौ. कपडे घड्या करत होती. म्हणाली, "तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही बोलता बोलता सांगाल."

म्हणजे तिला कळलं होतं. मी समजावायला लागलो. म्हटलं, मी पत्ता दिला असं म्हणता येणार नाही. त्याने चुकीचा सांगितला, मी तो दुरुस्त केला. दोन्हींत फरक आहे. सांगता सांगता मला वाटलं, फरक नीट समजावला तर पटेल, आणि मी खुर्ची ओढून बसलो.

लेक दारात उभी होती. हाताला पट्टी. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता.

"बाबा, चुकीचं उत्तर तसंच राहू द्यायचं होतं."

मी खुर्ची परत जागेवर लावली.

टॅक्सी आली. गल्ली अरुंद, म्हणून मी मागे उभा राहून ड्रायव्हरला हाताने रिव्हर्स दाखवला. थोडं डावीकडे, सरळ, सरळ. तो माझ्याकडे न बघता आरशात बघून गेला. लेक मागच्या सीटवर होती. काच वर होती.

४ नोव्हेंबर, सोमवार

आज लग्न होतं.

स्कूलमध्ये रजा आधीच टाकली होती, ती रद्द करायला लाज वाटली, म्हणून घरी. हॉलवाल्याचा फोन आला, जेवण किती पानांचं. मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, किती? मी पुन्हा म्हणालो, नाही.

दुपारी खोका काढला. चारही जागांवर नोटा वाटल्या. चौघांच्या वतीने एकट्याने खेळून पाहावं, असा विचार होता. पहिल्या फेरीनंतर कुणाची पाळी ते विसरलो.

१० नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ

सकाळी सौ.चा फोन. नंबर दिसत नव्हता. बोटांची पट्टी बदलली, लेक डाव्या हाताने लिहायचा सराव करतेय. तिथे हवा बरी आहे, म्हणाली. मी विचारणार होतो, कुठली हवा. विचारलं नाही. मला वाटतं तिच्या ते लक्षात आलं, कारण ती लगेच ठेवणार होती ती थोडी थांबली. म्हणाली, गॅस बंद करत जा.

मेहुणा डबा देऊन गेला. बसला नाही.

सहाच्या सुमारास बेल वाजली. मी उठलोच होतो, हात कडीवर होता. सवयीने आधी आरसा, म्हणून दाराच्या भिंगातून पाहिलं. इस्त्रीचा शर्ट.

काका, म्हणाला, आपला डाव अर्धा राहिलाय.

मी श्वाससुद्धा हळू घेतला. तो म्हणाला, आत आहात ते कळतंय, दाराखालून सावली दिसते. काही नको, काका. दोन मिनिटं बसू. सौम्य आवाज. एवढं सौम्य कुणी माझ्याशी या घरात महिनाभर बोललेलं नाही. कडीवरचा हात मी दुसऱ्या हाताने काढला, हे इथे लिहून ठेवतो.

मग त्याने विचारलं, कुठे आहेत त्या?

मी म्हणालो, "मला माहीत नाही."

एकवीस वर्षांत हे वाक्य मी कुणापुढे उच्चारलं नव्हतं. तो हसला. म्हणाला, तुम्हाला माहीत नाही असं होईल का, काका. मी पुन्हा तेच म्हणालो. वाक्य खरं होतं. पहिलीतल्या पोराइतकं खरं. सांगायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. गाव नाही, गल्ली नाही, मजला नाही. सौ.ने काहीच ठेवलेलं नाही माझ्याकडे. मनातल्या मनात तिचे पाय धरले.

फ्रिजवरच्या नंबरला फोन केला. पोलीस म्हणाले, निघतो.

दिवा बंद केला आहे. दाराला पाठ लावून खाली बसून लिहितोय, त्यामुळे अक्षर वाकडं. जिन्यात पावलं उतरल्याचा आवाज अजून आलेला नाही.